चर्चमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यावर छाप कशाची पडते, इमारतीची की सोयींची?

इमारत माणसाला दारापर्यंत आणते, पण तो आत टेकतो की मागच्या मागे परत जातो हे सोयींवरच ठरतं. मुंबईतल्या एका पॅरिशमध्ये (म्हणजे स्थानिक चर्चमध्ये) रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, दाराशी उभी राहून मी लोकांना जागा दाखवते, त्या अनुभवावरून सांगते. नवखा माणूस अडखळतो तो उंबऱ्याशी. चपला काढायच्या का? कुठेही बसलं तर चालेल? फोटो काढू का? मराठीत लिहिलेली एक ठसठशीत पाटी हा संकोच निम्म्याने घालवते, आणि तरी ती बऱ्याच ठिकाणी नसते याचं मला खरंच वाईट वाटतं. मग पंखे, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, पावसाळ्यात ओल्या छत्र्यांसाठी जागा आणि आजी-आजोबांसाठी पायऱ्यांशेजारी उतार.

अर्थात, चांगल्या इमारतीत सोय रचनेतच असते. दादरचं पोर्तुगीज चर्च बघा. १९७० च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ते नव्याने बांधताना छताखालच्या आणि उघड्या आभाळाखालच्या जागा एकमेकींत गुंफल्या, गरम हवा वरच्या काँक्रीटच्या कवचांतून निघून जावी अशी योजना केली.

हे सगळं नवख्यापुरतं खरं. सप्टेंबरच्या जत्रेत वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणबत्ती घेऊन रांगेत उभा असलेला माणूस नवसासाठी आलेला असतो. उन्हातान्हात ताटकळला तरी तो पुढच्या वर्षी येतोच.