‘चालू आहे’च्या पुढचं

पत्र: मुलगा नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत इथेच मराठी शाळेत शिकला. कोडिंग चांगलं येतं म्हणतात, पण चार लोकांत तोंड उघडत नाही. कॉलेजच्या सरावाच्या जीडीत, म्हणजे गटचर्चेत, एक शब्द बोलला नाही. पहिल्या वर्षी कम्युनिकेशन स्किल्सच्या पेपरात मात्र 72 मार्क होते! बर्डीवरचा एक क्लास तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट करून देतो म्हणतो, फी 30 हजार. पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहे. पैसे भरू का? – एक आई, उमरेड

ताई, नमस्कार.

पैसे आत्ता भरू नका. अशा क्लासमधून आलेली बरीच मुलं मी पाहिली आहेत. ‘स्वतःची ओळख करून द्या’चं दोन मिनिटांचं भाषण त्यांना तोंडपाठ असतं. मध्येच कुणी ‘प्रोजेक्टला हाच डेटाबेस का घेतला?’ विचारलं की गाडी थांबते. 72 मार्कांचंही तसंच. संवादातले अडथळे किती आणि कोणते, हे त्यानं बरोबर लिहिलं असणार.

मागे काटोलकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. प्रोजेक्ट सांग म्हटलं, तर इंग्रजीत दोन वाक्यं आणि नजर खाली. मी म्हटलं, मराठीत सांग. काटोलच्या एसटीत एकच सीट उरली आहे, दोघांनी एकाच वेळी मोबाइलवरून बुक केली, तर तुझं ॲप काय करेल? पोरगा खुर्चीत पुढे सरकला. ‘तसं होऊच देत नाही ना मॅडम! पहिल्याची रिक्वेस्ट आली की सीट लॉक करून ठेवतो. पाच मिनिटांत पैसे नाही भरले त्यानं, तर सोडून देतो.’ कागद ओढून चित्रही काढलं. पैसे कटले आणि तेवढ्यात नेट गेलं तर? तो थांबला. ‘हे नाही पाहिलं मॅडम, पाहावं लागेल.’ मुलाखत घेणाऱ्याला यातलं सगळं ऐकायचं असतं, शेवटचं वाक्य तर नक्कीच.

एड्सगर डाइक्स्ट्रा हे कॉम्प्युटर शास्त्रातलं मोठं नाव, 1972 चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले. 1975 च्या एका टिपणात त्यांनी लिहिलं की गणिताकडे कल हवाच, पण त्याखेरीज चांगल्या प्रोग्रामरचं सर्वांत मोलाचं भांडवल म्हणजे मातृभाषेवरचं उत्तम प्रभुत्व. गृहस्थ नेदरलँड्सचे, स्वतःची भाषा डच. इंग्रजी म्हणायचं असतं तर तसं म्हणाले असते.

म्हणून पहिला क्लास तुमच्याच घरी, आणि फुकट. रविवारी फोनवर ‘काय चाललंय?’ विचारलं की ‘चालू आहे’ एवढंच उत्तर येत असेल. त्याऐवजी या आठवड्यात काय अडलं ते विचारा, आणि तुम्हाला समजेपर्यंत सोडू नका. तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही, ही इथे सोयच आहे. ‘सर्व्हर म्हणजे कोण रे?’ असं बिनधास्त अडवा. ‘तुला नाही समजणार आई’ म्हणाला, तर अजून त्याला सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चिडेल. चिडू द्या.

इंग्रजी लागणारच, त्यात तुम्हाला खोटा दिलासा देत नाही. नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी लागली तरी शेजारच्या खुर्चीवर तेलुगू किंवा ओडिया बोलणारा असू शकतो आणि ग्राहक परदेशातला. पण सुरुवात लिहिण्यापासून करू द्या; लिहिताना विचार करायला वेळ मिळतो, कुणी हसत नाही. त्याचं गिटहब, म्हणजे कोड ठेवायची ऑनलाइन जागा, उघडून बघायला सांगा. मी पाहते त्या बहुतेक मुलांच्या कमिट मेसेजमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलासोबत लिहायच्या टिपेत, ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘फायनल टू’ असं असतं. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. का बदललं ते त्यानं एका साध्या इंग्रजी वाक्यात लिहावं. रोज एक वाक्य. प्रोजेक्टची रीडमी फाइल, म्हणजे तो काय आहे आणि कसा चालू करायचा याची माहिती, लिहून ती मेकॅनिकलच्या एखाद्या मित्राला द्यावी आणि शेजारी गप्प बसावं. मित्राला नुसतं वाचून प्रोजेक्ट चालू करता आला पाहिजे. तो जिथे अडेल तिथे एक वाक्य कमी आहे.

मदत मागण्याचंही असंच. ‘सर, चालत नाहीये’ यावर सर तरी काय सांगणार? काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, एरर जशीच्या तशी, आणि आपण काय काय करून पाहिलं, एवढं लिहिता लिहिता अर्ध्या वेळा चूक स्वतःलाच सापडते. नोकरीत पहिले सहा महिने बहुतेक हेच करायचं असतं.

जीडीची फार धास्ती घेऊ नका. सगळ्यांत आधी बोलणाराच निवडला जातो, ही होस्टेलमधली समजूत. आधीच्याचं म्हणणं एका वाक्यात नीट मांडून त्यात आपलं एक जोडलं, तरी ते लक्षात येतं. त्यासाठी ऐकावं लागतं, आणि गप्प राहणारी मुलं ऐकतात चांगलं. मात्र बोलायच्या नुसत्या विचारानं त्याला घाम फुटत असेल, झोप उडत असेल, तो वर्गच टाळत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. मग आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, त्यात कमीपणा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन या. सर्टिफिकेटांची फाइल नको, लॅपटॉप आणा. आणि सर्व्हर म्हणजे कोण, ते तेव्हा मी तुम्हाला विचारणार आहे.