कृषी सल्ला: ट्रॅक्टर-हार्वेस्टरला कॅमेरा बसवताय? दुकानदाराचं नंतर ऐका, आधी हे वाचा

ट्रॅक्टर, ट्रॉली, हार्वेस्टर, फवारणी यंत्र यांना कॅमेरा लावण्याबद्दल बरेच प्रश्न आलेत. बरेचसे एकसारखेच आहेत, म्हणून एकत्र उत्तर देतो. यंत्र कसं चालवायचं, आरसे कसे लावायचे हे तुम्हाला माहीत आहे, ते परत सांगत बसत नाही.

प्रश्न: ट्रॉली जोडली की मागचं काही दिसत नाही. दुकानदार म्हणतो चार कॅमेऱ्यांचा सेट घ्या, चारी बाजू दिसतील, मग मान वळवायची पण गरज नाही. घेऊ का?

नका घेऊ. आणि "मान वळवायची गरज नाही" असं जो सांगतो त्याच्याकडून तर काहीच घेऊ नका. सात इंची स्क्रीनवर चार चित्रं लावली की एकेक चित्र साडेतीन इंचाचं होतं, म्हणजे तुमच्या मोबाईलपेक्षा लहान. त्यात हलणाऱ्या सीटवर बसून, उन्हाच्या चकाकीत, ट्रॉलीमागे उभं असलेलं पोर दिसणार आहे का? औषधाचा जसा ओव्हरडोस होतो तसाच कॅमेऱ्यांचाही होतो, डोळे स्क्रीनवर खिळतात आणि समोरचा बांध दिसत नाही. एक किंवा दोन कॅमेरे, योग्य जागी, बास.

योग्य जागा कुठली ते दुकानदार नाही सांगणार, ते तुम्हीच शोधायचं. इंजिन बंद करा, सीटवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी साधारण ८५ सेंटीमीटर उंच वस्तू, डबा म्हणा किंवा पोतं, यंत्राभोवती हळूहळू फिरवायला लावा. दोन वर्षांचं मूल जवळपास तेवढंच उंच असतं म्हणून हे माप. जिथे जिथे ती वस्तू दिसेनाशी होते तिथे जमिनीवर चुन्याने खूण करायची. अवजार खाली असताना एकदा, उचललेलं असताना एकदा, ट्रॉली जोडून एकदा. उचललेला रोटाव्हेटर मागचं किती झाकतो ते बघून बरेच जण गप्प होतात. चुन्याच्या खुणा दिसल्या की कॅमेरा कुठे हवा ते आपोआप कळतं.

ट्रॉलीवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, ट्रॅक्टरच्या मागे लावलेला कॅमेरा ट्रॉली जोडली की फक्त ट्रॉलीचा पुढचा पत्रा दाखवतो. ट्रॉलीसाठी कॅमेरा ट्रॉलीच्या शेपटाला लागतो, मधे काढता-घालता येणारा पाणी न शिरणारा कनेक्टर लागतो, आणि वळताना वायर ताणली जाणार नाही एवढी ढील लागते. वायर पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे ट्रॅक्टरची फिरती ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याच्या, जवळून अजिबात न्यायची नाही. ५४० आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला ५४० फेरे घेणारा शाफ्ट सेकंदाला ९ वेळा फिरतो, लोंबलेली वायर त्याने गुंडाळली तर कनेक्टरच काय, वायर धरलेला हातही जातो.

आणि ट्रॅक्टरच्या मागच्या कॅमेऱ्याचा खरा फायदा अवजार जोडताना आहे. हिच पिनच्या (अवजार जोडायच्या खिळीच्या) वर बसवलेला कॅमेरा असेल तर ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मधे माणूस उभा करून "ये, ये, अजून थोडं" करायची गरजच राहत नाही. मागे घेताना मधे माणूस नको, म्हणजे नकोच. एवढं एक जरी बंद झालं तरी कॅमेऱ्याचे पैसे वसूल.

प्रश्न: वायरलेस घेतला, बसवायला सोपा म्हणाले, पण चित्र थांबून थांबून येतं.

येणारच. यातले बरेचसे वायरलेस सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, आणि मधे ट्रॉलीचा लोखंडी डोंगर. चित्र अर्धा सेकंद जरी उशिरा आलं तरी ताशी १० किमी वेगाला यंत्र तेवढ्यात जवळजवळ १.४ मीटर सरकलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे चित्र गोठतं. स्क्रीनवर मोकळी जागा दिसते पण ती काही सेकंदांपूर्वीची मोकळी जागा असते, आणि तुम्ही मागे घेत असता. सुरक्षेसाठी घेताय ना, मग वायरवालाच घ्या. धान्याच्या टाकीत नजर ठेवायला वायरलेस चालेल, माणसं जिथे येतात-जातात तिथे नाही.

दुकानदार मेगापिक्सेल सांगून महागडा सेट गळ्यात मारतात तेही ऐका. १०२४ बाय ६०० ची स्क्रीन असेल तर ती एक मेगापिक्सेलसुद्धा दाखवू शकत नाही, मग ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन काय उपयोग? त्यापेक्षा विचारा, व्होल्टेज १० ते ३२ चालतं का (तुमचं यंत्र १२ चं असो की २४ चं), आयपी ६७ आहे की आयपी ६९के (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा). प्रेशर पंपाने यंत्र धुत असाल तर ६९के च पाहिजे, ६७ म्हणजे पाण्यात थोडा वेळ बुडवलं तरी चालतं एवढंच, प्रेशरच्या धारेची ती हमी नाही. हे विचारल्यावर दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला तर दुकान बदला.

चुंबकावर बसणारा कॅमेरा हादऱ्याने सरकतो. सकाळी मागचं दाखवत होता, दुपारी आभाळ दाखवतो. नटबोल्टनेच बसवा. पण थांबा, ड्रिल मशीन कुठे चालवायचं हे मेकॅनिकवर सोडू नका. ट्रॅक्टर उलटला तर जी फ्रेम तुम्हाला वाचवते त्या फ्रेमला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही. क्लॅम्प लावा. "छोटंसंच भोक आहे साहेब" हे मी लई ठिकाणी ऐकलंय, छोटं असो की मोठं, फ्रेम कमजोर होते आणि ती नेमकी त्या दिवशीच दगा देते. परत सांगतो, फ्रेमला भोक नाही.

वायरिंगचंही तेच. बॅटरीवरून थेट वायर ओढून, फ्यूज न लावता कॅमेरा चालू करून देणारे लोक आहेत. हार्वेस्टरमध्ये सुका भुसा कोपऱ्याकोपऱ्यात साठलेला असतो, तिथे वायर घासून शॉर्ट झाली तर पीक पण जातं आणि मशीन पण. बॅटरीच्या जवळच फ्यूज, किती अँपिअरचा ते सेटच्या कागदावर असतं, मेकॅनिकच्या मनावर नाही. चावीवर चालू-बंद होईल अशी लाईन, सायलेन्सरपासून लांब, पत्र्याच्या भोकातून जाताना रबर. नंतर कधी यंत्रावर वेल्डिंग करायचं झालं तर आधी कॅमेऱ्याचे कनेक्टर काढा, बॅटरीची वायर काढा, मग वेल्डिंग.

प्रश्न: रात्री काढणी करताना स्क्रीन पांढरी होते, कॅमेरा खराब निघाला का?

कॅमेरा ठीक आहे. नाईट व्हिजनचे बल्ब कॅमेऱ्यातच लेन्सच्या भोवती असतात, त्यांचा उजेड लेन्ससमोरच्या धुळीवर आणि भुशावर पडून परत येतो, म्हणून पांढरं दिसतं. दुकानदार "जास्त बल्बवाला घ्या" म्हणेल, त्याने जास्तच पांढरं होईल. नाईट व्हिजन बंद करता येत असेल तर करा आणि कामाचा दिवा कॅमेऱ्यापासून बाजूला, वेगळ्या कोनात लावा. स्क्रीनचा ब्राईटनेस रात्री कमी करा, नाहीतर डोळे दिपतात आणि बाहेरचा अंधार आणखी काळा वाटतो.

गाड्यांसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यांवर ज्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेघा येतात त्या बंद करा. त्या कारच्या उंचीच्या हिशोबाने आखलेल्या असतात, दोन मीटर उंचीवर बसवल्यावर त्यांना काही अर्थ राहत नाही. शिवाय रुंद कोनाच्या लेन्समध्ये जवळची वस्तू लांब वाटते. विश्वास नको रेघांवर, टेप घेऊन एक मीटर, दोन मीटरवर डबा ठेवा आणि तो स्क्रीनवर कुठे दिसतो ते डोळ्यात बसवा. आणि डावं-उजवं तपासा, कुणाला तरी यंत्राच्या मागे डाव्या बाजूला हात वर करून उभं करा, मागच्या कॅमेऱ्यात तो आरशासारखा डावीकडेच दिसला पाहिजे. उलटा दिसत असेल तर सेटिंगमध्ये बदला, नाहीतर घाईत स्टिअरिंग उलटं फिरतं.

हे सगळं कधी करायचं? काढणीच्या आदल्या दिवशी नाही! दरवेळी हेच होतं, मशीन शेतात निघायच्या वेळी कॅमेरा बसतो, ड्रायव्हर पहिल्यांदा स्क्रीन बघतो ते थेट माणसांच्या गर्दीत. हंगामाच्या आधी, मोकळ्या रानात, डबे ठेवून सराव करा. ड्रायव्हर बदलला की परत सराव.

लांब नाकाच्या यंत्रांचं एक. समोर अवजार किंवा लोडर लावून शेतातून रस्त्यावर निघताना तुमचे डोळे रस्त्यापर्यंत पोचायच्या आधी यंत्राचं टोक रस्त्यात पोचतं. जर्मनीत स्टिअरिंगच्या मध्यापासून पुढचं टोक साडेतीन मीटरच्या पलीकडे गेलं की हा धोका धरतात, आणि टोकाजवळ डावी-उजवीकडे बघणारे कॅमेरे हा तिथे मान्य उपाय आहे. तुमच्याकडे तसं यंत्र असेल तर दुसरा कॅमेरा मागे लावण्यापेक्षा इथे लावा. कॅमेरा नसेल तोवर माणूस उतरवून रस्ता बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदार कधीच सांगणार नाही ते. यंत्र चालू करायच्या आधी खाली उतरून एक पूर्ण फेरी मारायची. कॅमेरा असला तरी. चाकाआड झोपलेलं कुत्रं, ट्रॉलीखाली सावलीला बसलेला मजूर, लपाछपी खेळणारी पोरं, हे कॅमेऱ्याच्या कोनात येतीलच असं नाही, आणि लेन्सवर चिखल बसला तर काहीच येत नाही. फेरी मारा, लेन्स पुसा, वर चढा, आरसा बघा, मान वळवून बघा, मग स्क्रीन, हॉर्न, आणि हळू मागे. स्क्रीन शेवटी. ताशी ५ किमीला सुद्धा यंत्र सेकंदाला १.४ मीटर जातं, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि यंत्रात अडकलेला काडीकचरा स्क्रीनवर दिसला म्हणून चालू यंत्रात हात घालायला कुणी जायचं नाही, इंजिन बंद, चावी खिशात, सगळं फिरायचं थांबलं की मगच.

प्रश्न: कॅमेऱ्याला अनुदान आहे का?

यंत्र सरकारी अनुदान योजनेतून घेताय तर कॅमेऱ्याबद्दल खरेदीच्या आधी कृषी कार्यालयात विचारा, पूर्वसंमतीशिवाय बिल फाडू नका, आणि बिलावर कॅमेरा वेगळ्या ओळीत मॉडेल नंबरसह लिहून घ्या. "अनुदानात बसवून देतो" असं दुकानदार म्हणाला तर कागद मागा.

प्रश्न: फवारणी यंत्रावरच्या कॅमेऱ्याची काच धुरकट झाली, पुसली तरी जात नाही.

औषधाने खाल्लीय ती. ईसी प्रकारच्या (पाण्यात मिसळल्यावर दुधाळ होणाऱ्या) औषधात सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव्य असतं, प्लास्टिकच्या काचेवर ते सुकू दिलं की ती कायमची पांढुरकी होते. काचेची लेन्स असलेला कॅमेरा घ्या, नोझलच्या धुक्यापासून वर आणि मागे बसवा, फवारणी संपली की लगेच साध्या पाण्याने धुवा. कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, धुळीचे कण घासून ओरखडे पडतात, आधी पाणी ओता मग मऊ कापड. रॉकेल, थिनर, पेट्रोल काही लावू नका, दुकानात "एकदम चकाचक होतं" म्हणून देतील तरी. धुरकट झालेली काच बदलून मिळत असेल तर बदला, मिळत नसेल तर तो कॅमेरा काढूनच टाका, अर्धवट दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या भरवशावर बूम (नोझल लावलेला लांब दांडा) उघडून वळू नका.