घरात रांगतं बाळ आहे, विषारी रसायनं कमी करायची सुरुवात कुठून करू?

नऊ महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतंय, तर घरातलं सगळं टाकून देऊन महागडी 'नैसर्गिक' क्लीनर आणावीत का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, नवीन काही आणू नका. आधी बाथरूमच्या कोपऱ्यातल्या बाटल्या बघा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत आईने बाथरूमच्या फरशीवर ब्लीचिंग पावडर भुरभुरली आणि डाग निघेनात म्हणून त्यावरच दारावर घेतलेलं अ‍ॅसिड ओतलं. दार लोटलेलं होतं. मी भाजी चिरत होते. आधी तिचा खोकला ऐकू आला, मग डोळ्यांत झोंबणारा, स्विमिंग पूलसारखा उग्र वास. दंडाला धरून तिला ओढत गॅलरीत आणलं तेव्हा तिला शब्द बोलता येत नव्हता. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणजे उकिडवं बसून फरशी घासणाऱ्याच्या अगदी नाकाशी. आणि रांगणारं बाळही त्याच उंचीवर असतं. बाजारातल्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्येही हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असतं, त्यामुळे ब्रँडेड बाटली घेतली तरी हा धोका टळत नाही. दोन्हीपैकी एकच घरात ठेवा. आमच्याकडे आता ब्लीच येत नाही; रोजची फरशी साबणाच्या पाण्याने पुसतो.

डांबरगोळ्या आजच काढा. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटतात. नुसत्या गोळ्यांत ठेवलेली झबली-दुपटी अंगाला लागूनही असं झालेलं आहे. जुनी दुपटी काढलीत तर धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नका. गोळ्यांऐवजी कापूर ठेवू म्हणाल, तर तोही बाळाच्या पोटात गेला तर फिट येऊ शकते.

डासांची कॉइल संध्याकाळी दारं-खिडक्या लावून पेटवत असाल तर बंद करा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण निघतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. मच्छरदाणी लावा. माझ्या मते बाळासाठी तिच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. बाळाच्या पेजेचा तांदूळ तरी वेगळा, महिन्यापुरताच आणा आणि त्याला ती लावू नका. वर्षाचा गहू, तूरडाळ यांना एरंडेल चोळलेलं बरं.

घर जुनं असेल तर खिडकीच्या गजांचे पोपडे तपासा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते बरंच जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि एक फार कळकळीने सांगते. रॉकेल, अ‍ॅसिड, फिनेल कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. मूल रंग आणि बाटली ओळखतं, लेबल नाही. मूळ बाटलीतच, वरच्या कपाटात, कडी लावून ठेवा. चुकून पोटात गेलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. अ‍ॅसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतं, रॉकेल फुप्फुसात उतरतं. बाळाला आणि ती बाटली, दोन्ही घेऊन थेट दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा मोफत नंबर १८०० ११६ ११७ आहे, दिवसरात्र चालू असतो. आमच्या फ्रिजच्या दारावर तो मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलाय.