मॅडम, हिची भीती काढा

दीड वर्षाच्या मुलाचे आईबाबा आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार बाबांची. खिडकीच्या ब्लाइंडची (दोरीने वर-खाली होणाऱ्या पडद्याची) दोरी बाळाच्या गळ्याला अडकेल या धास्तीने ही रात्ररात्र जागते, म्हणे. "मॅडम, हिची भीती काढा."

अशी भीती घेऊन बऱ्याच आया येतात आणि घरचे बहुतेक वेळा हसण्यावारी नेतात. मी आधी खिडकीची चौकशी केली. बाळाची कॉट खिडकीला लागूनच, उजेड येतो म्हणून. ब्लाइंडला मण्यांची साखळी, खाली जोडलेली, कॉटच्या कठड्याशी लोंबणारी. भीती काढायची कशाला? ती रास्तच होती.

"अडकला तर रडेल की! आम्ही शेजारच्या खोलीत असतो," बाबा म्हणाले. रडायला श्वास लागतो. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड, मानेत जोर कमी, श्वासनलिका मऊ. फास बसला की मूल स्वतःला सोडवू शकत नाही, मिनिटाच्या आत शुद्ध हरपू शकते, तीही आवाज न होता. यावर बाबा गप्प झाले.

कॉट त्याच दिवशी हलवायला सांगितली. चढता येईल असं काहीही खिडकीखाली नको. साखळी ताणून भिंतीला पक्की करणारा क्लिप मिळतो. सुट्या दोरीला जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खुंटी लागते. युरोपच्या 2014च्या मानकातही हीच उंची आहे. पण दर वेळी दोरी गुंडाळायचं भान घाईत कुणाला राहतं? काहीजण गाठ मारून ती आखूड करतात, म्हणजे आणखी एक फास तयार! म्हणून मुलाच्या खोलीत दोरीच नको, असं माझं स्पष्ट मत. रॉडवरचा साधा पडदा किंवा कॉर्डलेस, म्हणजे बिनदोरीचा ब्लाइंड लावा. अमेरिकेच्या 2018च्या मानकानेही तयार ब्लाइंडना दोरी नसावी, असलीच तर हाताला न लागणारी किंवा अगदी आखूड असावी, अशी अट घातली. रोमन ब्लाइंड (घड्या पडत वर जाणारा कापडी पडदा) असेल तर मागची बाजू जरूर बघा, तिथल्या दोऱ्या कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

ब्लाइंड गेले, साधे पडदे आले. आईची झोप बरीचशी सुधारली. तरीही ती रात्री एकदा उठून बाळाचा श्वास बघतेच. तेवढ्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे, आता बाबाही सोबत बसतात.