छायाचित्र परिशिष्टात की विश्लेषणात?

प्रश्न : मी समाजशास्त्रात पीएच.डी. करीत असून, घरातील दीर्घकाळ आजारी व्यक्तीची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांचे श्रम हा माझा विषय आहे. मुलाखतीत दिवसभराच्या कामांविषयी विचारले की बहुतेक जण ‘रोजचेच आहे, त्यात काय सांगायचे’ एवढे बोलून थांबतात. म्हणून त्यांना आठवडाभर स्वतःच्या मोबाइलवर छायाचित्रे काढायला सांगावे, असे मनात आहे. मात्र छायाचित्र हा पुरावा नव्हे, ते परिशिष्टात द्यावे, असे मार्गदर्शकांचे मत आहे. ही पद्धत शास्त्रीय ठरेल का? चेहऱ्यांचे काय करावे?

उत्तर : ही पद्धत आपण अवश्य वापरावी. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांनी १९३०च्या दशकात बाली बेटावर सुमारे २५,००० छायाचित्रे जमवली आणि त्यांतील ७५९ छायाचित्रे १९४२च्या आपल्या ग्रंथात विवेचनाचा गाभा म्हणून छापली. तेथे कॅमेरा संशोधकांच्या हाती होता. आपल्या अडचणीला अधिक जवळचा आहे तो छायाचित्रकार व मानववंशशास्त्रज्ञ जॉन कॉलियर यांचा प्रयोग : कॅनडाच्या पूर्व भागातील मानसिक आरोग्याच्या एका अभ्यासात त्यांनी काही मुलाखती छायाचित्रे समोर ठेवून, तर काही त्यांच्याविना घेतल्या आणि दोहोंची तुलना १९५७ मध्ये मांडली. छायाचित्रांमुळे उत्तरे नेमकी झाली, आणि पुन्हा पुन्हा मुलाखत दिल्याने येणारा शीणही कमी झाला. सवयीमुळे जे सांगण्याजोगे वाटत नाही, ते चित्रात डोळ्यांसमोर आले की त्याविषयी बोलणे सोपे जाते.

मार्गदर्शकांच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. औषधांच्या फळीचे छायाचित्र ती फळी दाखवते. पहाटेची मात्रा द्यायला कोण उठते, हे दाखवत नाही. म्हणून विश्लेषणाचा घटक नुसते छायाचित्र न मानता, छायाचित्र आणि त्यावर झालेले बोलणे अशी जोडी मानावी, आणि मुलाखतीच्या लिखित प्रतीत कोणते वाक्य कोणत्या चित्राकडे पाहून उच्चारले गेले, याची क्रमांकानिशी नोंद ठेवावी. छायाचित्रे काढून झाल्यावर फार दिवस न लोटता भेट घ्यावी आणि चित्रांचा क्रम सहभागी व्यक्तीलाच लावू द्यावा. ‘काढावेसे वाटले, पण काढले नाही, असे काय होते?’ हा प्रश्न कधीही गाळू नये, कारण लाज, थकवा आणि घरातील अधिकाराची उतरंड बहुधा याच उत्तरात उघड होते. काही जण आवरलेल्या खोलीचीच छायाचित्रे आणतील. ती निरुपयोगी समजून बाजूला सारू नयेत, कारण संशोधकाला आपले घर कसे दिसावे असे त्यांना वाटते, हीदेखील आपल्या विषयाशी निगडित माहितीच आहे.

आपल्या पद्धतीला ‘फोटोव्हॉइस’ हे नाव विचारपूर्वकच द्यावे. कॅरोलाइन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांसोबत फोटोव्हॉइस ही पद्धत विकसित केली, तेव्हा छायाचित्रांवर गटात चर्चा व्हावी आणि स्त्रियांचे म्हणणे धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचावे, हा तिचा हेतू होता. तशी योजना नसेल, तर ‘छायाचित्राधारित मुलाखत’ म्हणणेच प्रामाणिकपणाचे होईल.

चेहऱ्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि चेहरा धूसर केल्याने तो सुटत नाही. खोलीची मांडणी, औषधाच्या चिठ्ठीवरील नाव, मोबाइलने चित्राच्या फाइलमध्ये आपोआप नोंदवलेले ठिकाण आणि वेळ यांवरूनही ओळख पटू शकते. उलट, चेहरा पुसल्याने आपल्याला आरोपीसारखे दाखवले, असेही काही सहभागींना वाटते. म्हणून संमती दोनदा घ्यावी : एकदा कॅमेरा हाती घेण्यापूर्वी, आणि नंतर प्रत्येक छायाचित्र पाहून, ते केवळ विश्लेषणासाठी वापरायचे, प्रबंधात छापायचे की व्याख्यानातही दाखवायचे, हे स्वतंत्रपणे विचारून. शुश्रूषा करणाऱ्याची संमती ही रुग्णाची संमती होत नाही. जो रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, त्याचे छायाचित्र काढूच नये, वस्तू, जागा आणि स्वतःचे काम करणारे हात एवढेच टिपावे, ही सूचना पहिल्याच भेटीत लेखी द्यावी आणि नैतिकता समितीला सादर करायच्या आराखड्यातही ती समाविष्ट करावी.