फुटबॉलपटू जो पेन 'राखीव हाफबॅक' होता म्हणजे नक्की कोण होता?

प्रश्न असा आलाय: ल्यूटन टाउन या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या जो पेनवर मराठीत लिहिताना 'राखीव हाफबॅक'पाशी गाडी अडलीये, तिथे 'बचावपटू' लिहायचं, 'अर्धरक्षक' लिहायचं की हाफबॅकच ठेवायचं? आणि यातल्या हाफचा हाफ टाइमशी काही संबंध आहे का?

हाफ टाइमशी काही संबंध नाही. आणि शब्द तसाच ठेवा असं माझं मत. 'अर्धरक्षक' वाचलं की गडी अर्धाच वेळ राखण करतो की काय असं वाटतं, आणि 'बचावपटू' लिहिलंत तर आजचा वाचक त्याला थेट गोलकीपरच्या पुढ्यात नेऊन उभा करेल, जिथे तो नव्हताच.

तेव्हाची टीम कागदावर २-३-५ अशी लिहायचे. मागे दोन फुलबॅक, त्यांच्या पुढे तीन हाफबॅक, सगळ्यात पुढे पाच फॉरवर्ड. फुलबॅक म्हणजे पार मागे, हाफबॅक म्हणजे निम्मा मागे, एवढाच तो हिशोब. तिघांतला मधला सेंटर हाफ आणि बाजूचे दोघे राइट हाफ-लेफ्ट हाफ, त्यांनाच विंग हाफ पण म्हणायचे (विंगर वेगळा, तो फॉरवर्डच्या रांगेत कडेला). विंग हाफचं काम समोरच्याच्या फॉरवर्डला अडवायचं, बॉल काढून घ्यायचा आणि आपल्या पुढच्यांना पुरवायचा. गोल मारायला पुढची पाच माणसं होतीच की. आपल्याकडे ज्यांनी जुनी हॉकी बघितलीये त्यांना हे सांगायलाच नको, सेंटर हाफ, लेफ्ट इन, राइट आउट ही सगळी नावं तिथे अगदी रुळलेली होती.

खरा घोळ सेंटर हाफचा आहे. १९२५ साली ऑफसाइडचा (पास मिळताना फॉरवर्ड किती पुढे उभा असला तर चालतो, त्याचा) नियम बदलला, आधी फॉरवर्ड आणि गोललाइन यांच्यात समोरच्या टीमचे तीन जण लागायचे ते दोनवर आले, मग गोलांचा पाऊस पडायला लागला आणि तो थांबवायला आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन याच्यासारख्यांनी सेंटर हाफला उचलून दोन फुलबॅकांच्या मधे नेऊन ठेवलं. माणूस मागे गेला पण नाव बदललं नाही! म्हणून इंग्लंडमध्ये आजही सेंटर बॅकला सर्रास सेंटर हाफ म्हणतात. १९३९ ला लीगने शर्टावर नंबर सक्तीचे केले तेही याच जुन्या रांगांप्रमाणे, हाफबॅक ४, ५, ६ आणि सेंटर फॉरवर्ड ९.

आता पेनकडे येऊ, कारण त्याच्या गोष्टीत हा शब्द चुकला की गोष्टच जाते. डर्बीशायरचा पोरगा, जन्म १९१४, बोल्सोव्हरच्या कोळसा खाणीच्या टीममधून १९३४ ला ल्यूटनला आला. ल्यूटन तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनच्या साऊथ गटात, म्हणजे लीगच्या तळाला, आणि त्या गटातून फक्त पहिला नंबर वर जायचा. लीगच्या मोजक्याच मॅच त्याला मिळाल्या होत्या, त्याही हाफबॅक म्हणून. १३ एप्रिल १९३६, ईस्टरचा सोमवार, नेहमीचे सेंटर फॉरवर्ड जायबंदी, म्हणून नाइलाजाने पेनला पुढे खेळवला. समोर ब्रिस्टल रोव्हर्स. पहिला गोल व्हायलाच वीसेक मिनिटं गेली, हाफ टाइमला याचे तीन, आणि मॅच संपली तेव्हा ल्यूटन १२, रोव्हर्स ०, त्यातले दहा एकट्या पेनचे! ट्रॅनमिअरच्या बनी बेलने आदल्या २६ डिसेंबरला ऑल्डहॅमला नऊ मारून केलेला एका लीग मॅचमधल्या गोलांचा विक्रम चार महिनेही टिकला नाही. पेनचा मात्र इंग्लिश लीगमध्ये आजवर कुणी मोडलेला नाही.

एवढं करूनही त्या सीझनला ल्यूटन एका पॉइंटने दुसरं आलं, कॉव्हेंट्री वर गेलं. पुढच्या सीझनला पेनने लीगमध्ये ५५ गोल ठोकले, ल्यूटन पहिलं आलं, आणि मे १९३७ मध्ये तो इंग्लंडकडून फिनलंडविरुद्ध खेळला, दोन गोल मारले, आणि परत कधी बोलावणं आलं नाही. (त्याच सीझनला नॉर्थ गटात मॅन्सफिल्डच्या टेड हार्स्टननेही बरोब्बर ५५ मारले होते, त्याला तर एकदाही बोलावलं नाही.) १९३८ मध्ये चेल्सीने पाच हजार पौंडांना घेतलं, दीडेक वर्षात महायुद्ध लागलं आणि ऐन पंचविशीतली वर्षं त्यात गेली.

म्हणजे अचंबा आहे तो मधल्या रांगेतल्या, तेही राखीव, माणसाने दहा मारल्याचा. 'बचावपटूने दहा गोल मारले' लिहिलंत तर ते थाप वाटेल, नुसतं 'खेळाडूने' लिहिलंत तर मजा गेली. मी असं लिहीन: 'पेन हा ल्यूटनचा राखीव हाफबॅक, म्हणजे फुलबॅक आणि फॉरवर्ड यांच्या मधल्या फळीतला गडी.' एकदा एवढं सांगितलं की पुढे बिनधास्त हाफबॅक वापरा. 'मध्यरक्षक' चालेल का, तर अर्थाने जवळचा आहे, पण तो आजच्या मिडफिल्डरसाठी वापरला जातो आणि १९३६ च्या माणसाला आजचा शर्ट घातल्यासारखं होतं.

आणि एक, वाक्य 'जो'ने सुरू करू नका. 'जो पेन दहा गोल मारतो' वाचल्यावर लोक 'तो पेन' कुठाय ते शोधत बसतील.