सॅमनचा ‘पूल’: तळे, कुंड की डोह?

स्कॉटलंडमधल्या मासेमारीवरचा मजकूर मराठीत आणताना ‘सॅमन पूल’ला, म्हणजे नदीत सॅमन मासे थांबतात त्या खोल जागेला, काय म्हणावे, ‘तळे’ चालेल का, आणि सॅमनला ‘रावस’ म्हणावे का, असा प्रश्न आहे.

‘पूल’ तसाच ठेवू नये. ट्वीड नदीला केल्सोपाशी टेव्हियट मिळते, तिथला ‘जंक्शन पूल’ सॅमनसाठी प्रसिद्ध आहे. देवनागरीत हे नाव वाचले की डोळ्यांपुढे कमानींचा पूलच येणार. तळे, कुंड यांतले पाणी साचलेले. इथे ते वाहते आहे. तेव्हा शब्द ‘डोह’च. कोकणात त्याला ‘कोंड’ म्हणतात (महाडकडच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे राखले आहेत). मला तो फार आवडतो, पण देशावर सगळ्यांना कळणार नाही.

मात्र डोह म्हटला की आपल्याला काळे, निश्चल पाणी आठवते, म्हणून थोडे वर्णन जोडावेच. वरच्या तोंडाशी खळाळ आत शिरतो, मध्ये पाणी खोल आणि संथ होते, खालच्या टोकाला उथळ होत पुन्हा वेग घेते. अंडी घालायला समुद्रातून नदी चढणारा सॅमन खालचा खळाळ पार केला की बरेचदा या टोकाशीच विसावतो. गळ टाकणारा वरून सुरुवात करतो. पिसांची, केसांची बांधलेली माशी धारेत तिरकी सोडायची, ती काठाकडे वळली की एक पाऊल खाली सरकायचे, असा सगळा डोह तो उतरत जातो. नदीत शिरलेला सॅमन खाणे सोडतो, तरी माशीवर झडप घालतो. म्हणून इथे ‘आमिष’पेक्षा ‘माशी’ नेमके.

‘स्पे कास्ट’ तसेच राहू द्या. स्पे नदीच्या काठी मागे झाडे आणि उंच दरडी, दोरी मागे फेकायला जागा नाही. म्हणून ती पाण्यावरच वळवून पुढे फेकण्याची रीत तिथे रुजली.

क्रियापदही जपावे. १९२२ मध्ये टे नदीत जॉर्जिना बॅलंटाइन यांच्या गळाला ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सॅमन लागला. ब्रिटनमधला गळाचा तो विक्रम आजही कायम आहे. तिथे नुसते ‘पकडला’ लिहू नये, कारण त्या नदीत जाळ्यांनीही सॅमन धरत असत.

आणि रावस नकोच. हॉटेलांत त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले तरी तो वेगळ्या कुळातला, आपल्या किनाऱ्यावरचा आणि खाड्यांतला मासा आहे.